कोणाच्या बेरजेत?

सप्टेंबर १९७१. डेन्मार्कची निवडणूक झाली आणि कोपनहेगनच्या संसदेत तराजूचा काटा मधोमध अडकला. १७९ जागांच्या सभागृहात दोन्ही आघाड्या इतक्या तुल्यबळ निघाल्या की पंतप्रधान कोण, हे खुद्द डेन्मार्कमधल्या मतांनी ठरेना. ते ठरवले उत्तर अटलांटिकमधून आलेल्या मोजक्या खासदारांनी. त्यांत ग्रीनलंडचे दोघे होते. त्यांच्यापैकी मोझेस ओल्सेन हे पहिल्यांदाच निवडून आलेले, ऐन तिशीतले. त्यांनी सोशल डेमोक्रॅट नेते येन्स ओटो क्राग यांच्या पारड्यात मत टाकले आणि क्राग पंतप्रधान झाले. बदल्यात ग्रीनलंडचे दुसरे खासदार क्नुड हर्टलिंग यांना ग्रीनलंड खात्याचे मंत्रिपद मिळाले.

जेमतेम ५० हजार वस्तीच्या, बर्फाने झाकलेल्या बेटाने युरोपातल्या एका देशाला पंतप्रधान दिला. मताला वजन असणे म्हणजे आणखी काय असते?

पुढच्याच वर्षी याच क्राग यांच्या सरकारने डेन्मार्कबरोबर ग्रीनलंडचाही युरोपीय आर्थिक समुदायातला प्रवेश पक्का केला. ग्रीनलंडला विचारले नाही, असे मात्र नव्हे. रीतसर विचारले, लोकांनी रीतसर उत्तर दिले, आणि ते उत्तर बेरजेत विरघळून गेले.

डेन्मार्कच्या राज्यघटनेनुसार सार्वभौमत्वाचा काही भाग आंतरराष्ट्रीय संस्थेकडे सोपवायचा तर संसदेत पाच षष्ठांश मते लागतात. सप्टेंबर १९७२ मध्ये १४१ खासदार बाजूने उभे राहिले, ३४ विरोधात. १५० चा आकडा गाठता आला नाही, म्हणून प्रश्न जनतेकडे गेला. २ ऑक्टोबरला मतदान झाले. संपूर्ण डेन्मार्कमध्ये ६३ टक्के लोकांनी होकार दिला. ग्रीनलंडमध्ये मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांनी नकार दिला. पण घटनेच्या लेखी ग्रीनलंड हा डेन्मार्कचा एक जिल्हा होता, आणि एखादा जिल्हा विरोधात गेला म्हणून देशाचा कौल बदलत नाही. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क समुदायात दाखल झाले आणि डेन्मार्कच्या बखोटीला धरून ग्रीनलंडही आत गेले.

शेजारच्या फेरो बेटांचे लोकही मासेमारीवरच जगणारे आणि समुदायाच्या ब्रुसेल्समधल्या कारभाराबद्दल तितकेच साशंक. पण फेरो बेटांना १९४८ पासून स्वतःचे अंतर्गत सरकार होते. त्यामुळे त्यांना बाहेर राहण्याची सवलत मिळाली आणि ते बाहेर राहिले. ग्रीनलंडकडे असे सरकार नव्हते. नूक या राजधानीतल्या तरुण पुढाऱ्यांनी या फरकातून जो धडा घेतला, त्यावरच पुढची सगळी कहाणी उभी आहे.

*

ग्रीनलंड १९५३ पर्यंत डेन्मार्कची वसाहत होते. त्या वर्षी नवी राज्यघटना आली, वसाहत हा शब्द गेला, ग्रीनलंडचे लोक डेन्मार्कचे समान नागरिक झाले आणि संसदेत दोन जागा मिळाल्या. कागदावर ही मोठीच बढती होती. प्रत्यक्षात मात्र शाळा कुठे बांधायची, घरे कशी बांधायची, कोणती वस्ती ठेवायची आणि कोणती उठवायची हे कोपनहेगनमधले अधिकारी ठरवत. विखुरलेल्या वाड्यांमधून लोकांना मोठ्या गावांत आणायचे, मासे गोठवणारे कारखाने उभारायचे आणि आधुनिक जीवन द्यायचे, असे ते धोरण होते. नूकमध्ये त्यासाठी लांबलचक, पाच मजली चाळवजा इमारती उभ्या राहिल्या. ब्लॉक पी नावाच्या एकाच इमारतीत पुढे अख्ख्या देशाच्या लोकसंख्येपैकी एक टक्का लोक राहत होते.

डिस्को बेटावरचे कुल्लिस्सात हे कोळशाच्या खाणीचे गाव. खाण तोट्यात गेली म्हणून १९७२ मध्ये, म्हणजे सार्वमताच्याच वर्षी, अख्खे गाव बंद करण्यात आले आणि हजारावर माणसे इतरत्र हलवण्यात आली. धरणाखाली गेलेल्या गावांच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यातली वेदना वेगळी समजावून सांगायला नको. कुल्लिस्सात पाण्याखाली गेले नाही. घरे तशीच उभी राहिली, माणसे तेवढी गेली.

कोपनहेगनमध्ये शिकणाऱ्या ग्रीनलंडच्या विद्यार्थ्यांमध्ये या साऱ्याची खदखद होती. एका पिढीचे राजकारण त्या दोन घटनांनी घडवले, कुल्लिस्सातने आणि सार्वमताने. १९७५ च्या सुमारास सुरू झालेल्या चळवळीतून १९७७ मध्ये सियुमुत हा पक्ष निघाला. सियुमुत म्हणजे 'पुढे'. मोझेस ओल्सेन, धर्मोपदेशक योनाथन मोट्झफेल्ट आणि लार्स-एमिल योहान्सेन हे त्याचे म्होरके. डेन्मार्कशी नाते घट्ट ठेवू पाहणाऱ्यांचा पक्ष अतास्सुत. त्याचा अर्थ साधारण 'दुवा'. आणि दोघांच्याही डावीकडे, थेट स्वातंत्र्याची भाषा बोलणारा इनुइत अताकातिगीत. पक्षांच्या नावांवरूनच वाद कशाचा होता ते कळते.

सियुमुतच्या नेत्यांनी आधी समुदायातून बाहेर पडण्याची मागणी लावून धरली नाही. त्यांनी मागितला होमरूल. हा शब्द आपल्याकडे लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये घरोघरी नेला होता. ग्रीनलंडमध्ये तो डॅनिश रूपात आला, अर्थ तोच. १७ जानेवारी १९७९ च्या सार्वमतात ७० टक्के लोकांनी त्याला संमती दिली आणि १ मे रोजी तो लागू झाला. पहिल्या निवडणुकीत २१ पैकी १३ जागा जिंकून सियुमुत सत्तेवर आला, मोट्झफेल्ट पहिले प्रमुख झाले. राजधानीचे गॉडथॉब हे डॅनिश नाव मागे पडले आणि ती नूक झाली. परराष्ट्र धोरण, संरक्षण आणि चलन कोपनहेगनकडेच राहिले.

आता बेरीज वेगळी मांडता येणार होती.

*

भांडण माशांचे होते. १९७० च्या दशकात देशोदेशी किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे पाणी आपले मानण्याचा प्रघात पडला. आइसलंडने त्यासाठी ब्रिटिश आरमाराशी टक्कर घेतली आणि ते जिंकलेही. ग्रीनलंडच्या वाट्याला असे प्रचंड पाणी आले, पण ते समुदायाच्या सामाईक धोरणात जमा झाले. कोणत्या देशाच्या ट्रॉलरने किती कॉड धरायचा, याचा कोटा ब्रुसेल्समध्ये मत्स्यमंत्र्यांच्या बैठकीत ठरे. तिथे ग्रीनलंडची बाजू मांडायला डेन्मार्कचा मंत्री बसे, आणि त्याला डेन्मार्कच्या कोळ्यांचेही पाहायचे असे. पश्चिम जर्मनीच्या मोठ्या ट्रॉलरांना आइसलंडचे पाणी बंद झाल्यामुळे ग्रीनलंडचा कॉड हवाच होता. नूकच्या धक्क्यावरचा कोळी आपल्याच समुद्रात परक्या जहाजांचे दिवे बघत बसे.

पण गोष्ट एवढी सरळ नव्हती. समुदायाच्या निधीतून ग्रीनलंडमध्ये पायाभूत सोयी, प्रशिक्षण आणि उद्योगांसाठी पैसा येत होता. १९७९ पासून युरोपीय संसदेत ग्रीनलंडचा एक खासदार होता. सियुमुतचेच फिन ल्युंगे, पूर्वाश्रमीचे कॅथलिक पाद्री. ग्रीस आल्यानंतर त्या सभागृहात ४३४ सदस्य होते, म्हणजे ल्युंगे ४३४ मधले एक. पण जरा उलटे गणित करून पाहा. पश्चिम जर्मनीत साडेसात लाखांमागे एक खासदार होता, चिमुकल्या लक्झेंबर्गमध्ये सुमारे ६० हजारांमागे एक, आणि ग्रीनलंडमध्ये ५० हजारांमागे एक. दरडोई हिशेब केला तर सबंध समुदायात सगळ्यांत वजनदार मत ग्रीनलंडच्या माणसाचे होते!

अतास्सुतचा युक्तिवाद याच अंगाने जाई. आत राहिलो तर मदत मिळते, बाजार मिळतो आणि टेबलापाशी खुर्चीही मिळते. बाहेर गेलो तर ब्रुसेल्सचे निर्णय आपल्यावर आदळायचे थांबणार नाहीत, फक्त ते होताना आपण खोलीत नसू. सियुमुतचे म्हणणे असे की खुर्ची असून उपयोग काय, ताट दुसराच वाढतोय.

२३ फेब्रुवारी १९८२ रोजी मतदान झाले. बाहेर पडा म्हणणारी १२,६१५ मते, राहा म्हणणारी ११,१८०. फरक १,४३५ मतांचा. मुंबई महापालिकेच्या एखाद्या प्रभागात याहून जास्त मते पडतात. तेवढ्या मतांनी एका खंडव्यापी समुदायाच्या निम्म्याहून अधिक भूभागाचा निकाल लावला.

दहा वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन सार्वमतांचे आकडे शेजारी ठेवण्यासारखे आहेत. १९७२ मध्ये ७० टक्के लोक हरले. १९८२ मध्ये ५३ टक्के लोक जिंकले. म्हणजे विरोधाची धार या काळात बरीच बोथट झाली होती, तरी तो फळाला आला. ताकद मतांच्या संख्येने वाढली नव्हती. ती मते ज्या बेरजेत धरली जात होती, ती बेरीज बदलली होती. आणि ती बदलली होती १९७९ मध्ये, समुदाय सोडण्याचा कौल मिळण्याच्या तीन वर्षे आधी. या वेळी कोपनहेगनला कायद्याने बांधणारे काही नव्हते, कारण सार्वमत सल्लावजा होते. तरी डेन्मार्कच्या सरकारने कौल मान्य करण्याचा शब्द दिला होता आणि तो पाळला.

*

पुढचे काम वकिलांचे होते. समुदायाच्या मूळ, रोमच्या करारात बाहेर पडण्याचे कलमच नव्हते. पुढे ब्रिटनने वापरलेले कलम ५० लिस्बन करारातले, २००९ मध्ये अमलात आलेले. त्यामुळे डेन्मार्कने मे १९८२ मध्ये अर्ज दिला, वाटाघाटी झाल्या आणि मूळ करारच दुरुस्त करण्यात आला. १३ मार्च १९८४ रोजी ब्रुसेल्समध्ये सह्या झाल्या. मग दहाही देशांची संमती हवी. आयर्लंडची संमती रेंगाळली, म्हणून १ जानेवारीचा मुहूर्त हुकला आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ग्रीनलंड बाहेर पडले.

सौदा असा झाला. समुदायाच्या जहाजांना ग्रीनलंडच्या पाण्यात ठरावीक कोटा. त्याबदल्यात ग्रीनलंडला दरवर्षी २ कोटी ६५ लाख एक्यू, म्हणजे आजच्या युरोच्या आधीचे हिशेबी चलन. शिवाय ग्रीनलंडची मासळी समुदायाच्या बाजारात जकातीशिवाय. ग्रीनलंडला समुदायाशी संलग्न सागरपार प्रदेशाचा दर्जा मिळाला. घर सोडले, पण अंगणातले येणे-जाणे राहिले.

ज्याला आपण लोकशाहीतला प्रभाव म्हणतो, तो इथे उघड दिसला. हा करार नूकच्या सभागृहात गाजला. १९८३ च्या निवडणुकीत सियुमुत आणि अतास्सुत यांना प्रत्येकी १२ जागा मिळाल्या होत्या आणि इनुइत अताकातिगीतच्या दोन सदस्यांवर सरकार तोलून होते. मासे फार स्वस्तात विकले, हा त्यांचा आक्षेप. या वादातून सरकार डळमळले आणि जून १९८४ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. ११, ११ आणि ३ असा निकाल लागला, आणि सियुमुतला त्या तिघांना सोबत घेऊन सत्ता चालवावी लागली. ब्रुसेल्समध्ये कोट्यावरून मतभेद झाले तर पहाटेपर्यंत बैठका चालत. पण त्यापायी कोणा मंत्र्याला उम्मानाकसारख्या गावच्या मतदाराच्या दारात जाऊन जाब द्यावा लागत नसे. आता द्यावा लागत होता. माशांचा परवाना देणारा आणि मते मागायला येणारा माणूस एकच होता.

समुद्र मात्र कोणाच्याच सभागृहाचे ऐकत नाही. १९९० च्या आसपास ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरून कॉड जवळजवळ नाहीसा झाला. ज्याच्यासाठी एवढे भांडण केले, तो मासाच निघून गेला. कोळंबी आणि हॅलिबट यांवर अर्थकारण तगले. युरोप मात्र कराराप्रमाणे पैसे देत राहिला. कोट्यातले बरेच मासे प्रत्यक्षात धरलेच जात नसत. टीकाकार त्यांना 'कागदी मासे' म्हणत. शेवटी २००६ नंतर व्यवस्था बदलली: माशांचा करार वेगळा आणि शिक्षणासाठीची मदत वेगळी. युरोपने पैसा दिला तो मैत्रीसाठी, आर्क्टिकमध्ये पाय ठेवायला जागा असावी म्हणून. नूकने तो घेतला. स्वायत्तता म्हणजे कोणाकडून काही न घेणे, असा हट्ट तिथे कोणी धरला नाही. डेन्मार्ककडून येणारे वार्षिक अनुदान तर आजही सरकारी खर्चाचा मोठा हिस्सा उचलते.

*

आता नाण्याची दुसरी बाजू. ती सीलच्या कातड्याची आहे.

कॅनडाच्या बर्फावर सीलच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लांना मारतात, त्याची छायाचित्रे १९७० च्या दशकात युरोपभर पोचली. १९७७ मध्ये अभिनेत्री ब्रिजिट बार्दो स्वतः त्या बर्फावर जाऊन आली. जनमत पेटले. मार्च १९८२ मध्ये, ग्रीनलंडने बाहेर पडण्याचा कौल दिल्यानंतर काही आठवड्यांतच, युरोपीय संसदेने पिल्लांच्या कातड्यांवर आयातबंदीची मागणी केली. १९८३ मध्ये ती आली. इनुइतांच्या पारंपरिक शिकारीला त्यात सूट होती. ग्रीनलंडचे शिकारी मुळात पिल्ले मारत नव्हते. ते मारत प्रौढ सील, मांस खात आणि कातडे विकत. पण पॅरिसच्या दुकानात कोट घेणारी बाई सवलतीचे कलम वाचत नाही. तिने सीलचा कोटच नको म्हटले. भाव कोसळले आणि उत्तरेच्या वाड्यांतल्या शिकाऱ्यांच्या हातातला रोख पैसा आटला.

त्या वेळी ग्रीनलंड अजून समुदायात होते. फिन ल्युंगे त्या संसदेत बसत होते. दरडोई सगळ्यांत वजनदार मत असलेल्या बेटाचा हा खासदार ४३४ मधला एकच होता, आणि तो काही थांबवू शकला नाही. पुढे ल्युंगे यांनी आर्क्टिकचे लोक आणि प्राणिहक्कवादी यांच्यातल्या संघर्षावर पुस्तकच लिहिले. २००९ मध्ये, समुदायातून पुढे घडलेल्या युरोपीय संघाने सीलच्या सगळ्याच उत्पादनांवर बंदी घातली, पुन्हा इनुइतांना अपवाद ठेवून. या वेळी सभागृहात ग्रीनलंडचा कोणीच नव्हता. निकाल मात्र तोच लागला.

ही गोष्ट दोन्ही पक्षांना अडचणीची आहे. आत राहिलो तर आपला आवाज ऐकला जाईल, हे खरे ठरले नाही. बाहेर पडलो की आपले निर्णय आपण घेऊ, हेही नाही. समुद्रातला मासा नूकच्या ताब्यात होता, कारण तो धरायला नूकच्या पाण्यात यावे लागे. कातड्याचे गिऱ्हाईक युरोपात होते, आणि गिऱ्हाइकाच्या मनावर कोणाचे सार्वमत चालत नाही.

डेन्मार्ककडे राहिलेल्या खात्यांतही हेच दिसले. उत्तरेतला थुले तळ १९५१ च्या करारानुसार अमेरिकेच्या हाती. १९५३ मध्ये त्यासाठी तिथल्या लोकांना घरे सोडून शंभराहून जास्त किलोमीटर उत्तरेला जावे लागले. १९६८ मध्ये चार हायड्रोजन बॉम्ब घेऊन निघालेले विमान तिथे कोसळले. १९८७ मध्ये त्या तळावरच्या नव्या रडारावरून नूकमधली आघाडी फुटली आणि निवडणूक घ्यावी लागली. सरकार पडले, रडार राहिले. कारण ती बेरीज नूकमध्ये मांडलीच जात नव्हती.

मग लोकांनी बेरीज आणखी पुढे सरकवली. नोव्हेंबर २००८ च्या सार्वमतात ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी वाढीव स्वराज्याला मान्यता दिली. २१ जून २००९ पासून खनिजांचा अधिकार ताब्यात घेण्याची मुभा नूकला मिळाली, ग्रीनलंडची भाषा ही एकमेव अधिकृत भाषा झाली, आणि स्वतंत्र व्हायचे की नाही हे ग्रीनलंडची जनता ठरवेल, असे कायद्यात लिहिले गेले. त्या अधिकाराने जबाबदारीही आणली. युरेनियम काढण्यावरची बंदी २०१३ मध्ये १५ विरुद्ध १४ मतांनी उठली. २०२१ च्या निवडणुकीत लोकांनी युरेनियमच्या खाणीला विरोध करणाऱ्या पक्षाला निवडले आणि बंदी परत आली. निर्णय चुकला असे वाटले, तेव्हा तो फिरवायला त्यांना कोणाचा दरवाजा ठोठावावा लागला नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ग्रीनलंड घेण्याची भाषा उघडपणे बोलू लागले, तेव्हा डेन्मार्कपासून ब्रुसेल्सपर्यंत सगळ्यांनी एकच वाक्य म्हटले: ग्रीनलंडचे काय ते ग्रीनलंडचे लोक ठरवतील. १९७२ मध्ये हे वाक्य म्हणायला कोणी तयार नव्हते. अमेरिकेच्या त्या भाषेआधीच, २०२४ च्या मार्चमध्ये, युरोपीय संघाने नूकमध्ये स्वतःचे कार्यालय उघडले होते.

आज नूकच्या बंदरातून दोन कागद निघतात. युरोपीय ट्रॉलर ग्रीनलंडच्या पाण्यात जाळे टाकतो तो नूकने दिलेल्या परवान्यावर. त्याच बंदरातून सीलची कातडी युरोपात जायची असेल, तर सोबत एक दाखला लागतो, की हे सील इनुइत शिकाऱ्याने पारंपरिक पद्धतीने मारले आहे. तो दाखलाही नूकमध्येच भरतात. त्याचा नमुना मात्र ब्रुसेल्समध्ये ठरलेला आहे.